पिंजऱ्यातला टीव्ही

घनमामाच्या दुकानातला टीव्ही पिंजऱ्यात असायचा. बोटभर जाडीच्या सळया, समोरून बारीक जाळी आणि बाजूला कुलूप. कोहमाऱ्याच्या चौकात, हायवेला लागून पंक्चरचं दुकान; दिवसभर ट्रकवाल्यांचा राबता. मला वाटलं, चोरीच्या धास्तीने केलं असणार. तसं विचारलं, तर ट्यूबवर कानस घासता घासता मामा म्हणाला, "चोराच्या भेवानं नाई मास्तर, माह्याच भेवानं हाय." आधीचा टीव्ही त्याने पाना फेकून फोडला होता आणि त्याच्या आधीचा चहाच्या भरल्या ग्लासाने. दोन्हींचे सांगाडे मागे भंगारात पडलेले होते. शेवटी वेल्डिंगवाल्या शेजाऱ्याने हा पिंजरा करून दिला.

मी तेव्हा नवीन मास्तर होतो. शाळेच्या गावाला जायला कोहमाऱ्याला गाडी बदलावी लागे, आणि दुसरी गाडी येईपर्यंतचा वेळ मामाच्या बाकावर जाई. अमेरिकेत संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे सकाळ, त्यामुळे तिथल्या बास्केटबॉलचे सामने नेमके त्याच वेळी सुरू असत. मोबाइलवरून टीव्हीला सामना जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. बदल्यात चहा मिळे, आणि अंगावर काही फेकलं जाणार नाही याची बऱ्यापैकी हमी. गावात सगळेच त्याला मामा म्हणत. मोठ्या ट्रकच्या रिंगा तो घनाने ठोकून सोडवी, म्हणून घनमामा. समोरचे दात नव्हते. भुवई अशी फाटून जुळलेली, की तो नुसता बघत असला तरी रागावल्यासारखा वाटे. अर्थात बहुतेक वेळा तो रागावलेलाच असे.

संघांची इंग्रजी नावं त्याच्या जिभेवर बसत नसत आणि बसवावीत असं त्याला वाटतही नसे. त्याने सगळ्यांना आपल्या मुलखातली नावं देऊन टाकली होती. हिरव्या बनियनवाले दवनीवाडा. "धान पिकते, पोट भरते, मंग धावाचं कोनी? शेवटची पाच मिनिटं पाहा मास्तर, झोपतेच का नाई!" पांढऱ्या बनियनमधले हाडकुळे, सगळं मैदान तुडवणारे दरेकसा. "हे जंगलातले पाय हायेत. याइले दम नाई लागत." फुटबॉलमध्ये महागडे खेळाडू विकत घेणारा एक संघ होता, त्याचं नाव गोंदिया. "शेठ लोकाइची टीम. पैसा फेकते, बैल घेते. दावनीले बांधल्यानं बैल पट जितते का गा?" दरेकसा हे मामाचं दैवत. त्याची बायको दरेकशाची होती. मुलगी रोशनी पाळण्यात असतानाच ती गेली. तिच्याबद्दल मामा कधी बोलत नसे. पण दरेकसा हरलं की त्या दिवशी घन जरा जास्तच जोरात पडे.

फुटबॉलचे सामने आपल्याकडे रात्री होतात. मामा ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी शाळेवरून परतल्यावर बघे, आणि त्याआधी कोणी निकाल सांगितला तर त्याची खैर नसे. एका रायपूरच्या ड्रायव्हरने चहा पिता पिता सांगून टाकलं, "चाचा, आपका गोंदिया तो कल पिट गया." मामा शांतपणे उठला, त्याच ड्रायव्हरच्या ट्रकला नुकतंच बसवून दिलेलं चाक गाठलं आणि त्यात सुआ, म्हणजे जाड दाभण, खुपसला. हवा फुसफुसत असताना म्हणाला, "आता हे बी तुले आधीच सांगून देतो, पंक्चर हाय." मग दोघं धुळीत लोळले. ड्रायव्हरने त्याचं कपाळ फोडलं, मामाने त्याचा कान चावला. थोड्या वेळाने पाहतो तर मामा रक्ताने चिकटलेल्या डोळ्याने त्याच चाकाचं पंक्चर काढत बसलेला. वर मला म्हणतो, "भांडन तोंडाशी हाय मास्तर, चाकाशी नाई."

पायाला जरा धक्का लागला की मैदानावर गडबडा लोळणाऱ्या फुटबॉलपटूंचा त्याला सगळ्यात जास्त संताप. "नवटंकी! उठ रे! पटात बैलाचा पाय मोडला तरी बैल बोंबलत नाई!" असं ओरडून तो पिंजऱ्यावर टॉमी आपटायचा, म्हणजे टायर उकलायची लोखंडी पहार. सळया खणखणत, चौकातली कुत्री भुंकू लागत. मला भीती वाटायची, आणि खोटं कशाला बोलू, मजाही यायची.

बैल मध्ये आला, कारण मामा मुळात शंकरपटातला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीतला. तरुणपणी तो धुरकरी होता, बैलजोडी हाकणारा. बैलाच्या पुठ्ठ्यावर तुतारीचं, म्हणजे टोचायच्या काठीचं, टोक जितकं खोल जाईल तेवढा बैल पळतो, हे त्याचं शास्त्र. "ज्यानं मार खाल्ला नाई, त्याले जित पचत नाई," हे त्यातलंच वाक्य. त्याच्या गावच्या पटात आणखी एक रीत होती. झेंडी दाखवणाऱ्या पंचाचा निकाल पटला नाही तर जोडीच्या मालकाने सरळ धावपट्टीवर उतरायचं, झेंडीवाल्याचं मनगट धरायचं आणि जाणती चार माणसं येईपर्यंत सोडायचं नाही. झेंडीवाल्यानेही गुमान उभं राहायचं. त्याने हात झटकला तर त्याच्या मनात पाप आहे असं समजायचं, आणि मग त्याला मारलं तरी कोणी बोल लावत नसे. ही रीत मामाने मला फार अभिमानाने सांगितली होती. मी हसून सोडून दिली.

दुकानामागे मामाने एका खांबावर ट्रकची जुनी रिंग वेल्डिंग करून लावली होती. रोशनीची बास्केट. पोरगी उंच, आईसारखी हाडकुळी, आणि हात असा की रिंगेला न शिवता चेंडू आत. मामा तिला शिकवायचा तेही पटाच्या शास्त्राने. चेंडू तिच्या छातीवर दगडासारखा मारायचा. रिंगेखाली स्वतः आडवा उभा राहून तिला कोपराने ढोसायचा. "मार! तू बी मार! कोपर कायले देलं देवानं?" एकदा तिचा ओठ फाटला. मी मध्ये पडलो तर रोशनीच माझ्यावर खेकसली, "राहू द्या सर, मी त्याची एक बरगडी दुखवली हाय." आणि तोंडातलं रक्त थुंकून हसली. मामा बरगडी धरून हसत होता. ते प्रेम होतं. मी शिक्षक आहे, मला असं प्रेम मान्य करता येत नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही.

मग गोंदियाला जिल्ह्याचा अंतिम सामना आला. जिंकणाऱ्या संघातल्या मुली पुढे राज्याच्या निवडीला जाणार होत्या, आणि रोशनीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. मामा नवीन पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी बसला होता. शेवटच्या क्षणी रोशनी समोरच्या पोरीला चुकवून उसळली, चेंडू आत गेला, आम्ही उभे राहिलो, आणि रेफरीची शिट्टी वाजली. फाऊल रोशनीचा. तिने कोपर मारलं होतं. बास्केट रद्द.

मला कळायच्या आत मामा खाली उतरला होता. ओरडत नव्हता, हीच गोष्ट मला जास्त घाबरवून गेली. तो मैदानात गेला, रेफरीचं मनगट धरलं आणि अगदी रीतीप्रमाणे म्हणाला, "थांब. जानती मानसं येऊ दे." रेफरी पंचविशीचा पोरगा. त्याला बिचाऱ्याला पट काय माहीत! तो घाबरला आणि त्याने हात झटकला.

मामाच्या लेखी पाप सिद्ध झालं. त्याने ठोसा मारला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी वर ऐकला. पोरगा पडला, मामाने त्याला कॉलर धरून उठवलं आणि पुन्हा मारलं. मग समोरच्या मुलींचे बाप धावून आले, खुर्च्या उडाल्या, एक मामाच्या पाठीत मोडली. पोलीस येईस्तोवर लाकडी जमिनीवर इतकं रक्त सांडलं होतं की लोकांचे पाय घसरत होते. पांढरा शर्ट छातीपासून खाली लाल. रोशनी चेंडू पोटाशी धरून रिंगेखाली उभी होती.

संघ बाद झाला. निवड तर राहिलीच. पोलीस ठाण्याच्या पडवीत, सुजलेल्या तोंडाच्या बापासमोर रोशनी उभी राहिली.

"फाऊल होता बाबा. कोपर मारलं मी. तूच शिकवलं."

"नोहता फाऊल."

"होता!"

"नोहता म्हनलं ना! थो झेंडीवाला बेइमान होता."

तेव्हा ती जे म्हणाली ते मी विसरणार नाही. "यापुढं माह्या खेळाले याचं असन, तं हात बांधून ये. नाईतं तोंड दाखवू नोको." त्याच आठवड्यात ती नागपूरला मामाकडे, आपल्या आईच्या भावाकडे, निघून गेली.

तिला बसमध्ये बसवून घनमामा दुकानात आला. पिंजऱ्याचं कुलूप उघडलं, टीव्ही बाहेर काढला, अंगणात नीट उताणा ठेवला आणि घन घेतला. काच फुटली, चौकट वाकली, तरी थांबेना. शेवटी जमिनीत खड्डा पडला. ड्रायव्हर लांब उभे राहून बघत होते, चेष्टा करायची कोणाची हिंमत नव्हती. पिंजरा मात्र त्याने तसाच ठेवला, रिकामा.

त्यानंतर मामाला कुठल्याच संघाबद्दल मत राहिलं नाही. हा मला सगळ्यात मोठा धक्का होता. मी मुद्दाम काड्या टाकायचो. दवनीवाड्याने शेवटच्या पाच मिनिटांत सामना जिंकला म्हणून सांगितलं, तर नुसतं "असन." त्या वर्षी दरेकसा सगळ्यांना हरवून पहिलं आलं. मी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. त्याने तो हाताने बाजूला केला आणि विचारलं, "पोट्टी खेळते का तिकडं?" खेळते, म्हणालो. "मार खाते का?" खात असेल, म्हणालो. तो परत ट्यूब घासायला लागला.

पुढल्या हिवाळ्यात नागपूरचा संघ स्पर्धेसाठी गोंदियाला आला, त्यात रोशनी होती. मी मामाच्या कानावर घातलं. तो ट्यूब घासतच राहिला. सामन्याच्या सकाळी मात्र दाढी करून बस थांब्यावर हजर. गोंदियाला हॉलच्या फाटकापाशी त्याने खिशातून काळी रबरी पट्टी काढली, ट्रकच्या ट्यूबमधून कापलेली, आणि दोन्ही मनगटं जोडून माझ्यापुढे केली.

"बांध मास्तर."

"मामा, ती रागात बोलली होती."

"मी बी रागातच मारलं होतं ना? बांध. गाठ कच्ची नोको."

मी बांधली. लोक हसले, मोबाइल काढून फोटो घेतले. एका पोराने विचारलं, "काका, जेलमधून आणलं का?" मामाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात मांडीवर ठेवून सरळ बसला, देवळात बसतात तसा.

सामना आडदांड झाला. दुसऱ्या अर्ध्यात समोरच्या एका पोरीने रोशनीच्या डोळ्यावर कोपर हाणलं. मी स्पष्ट पाहिलं, अख्ख्या हॉलने पाहिलं, शिट्टी वाजली नाही. भुवई फुटून रक्त गालावर आलं. माझ्या शेजारी मामाच्या घशातून एक आवाज निघाला, तसा मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. त्याने शर्टाची कॉलर दातात धरली. मानेच्या शिरा तटतटल्या, हात दोन बाजूंना ओढले जात होते, रबर मांसात रुतत होतं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पण तो उठला नाही. रोशनी रक्त पुसता पुसता वर बघत होती. तिला तो दिसला. त्याचे हात दिसले.

रोशनीचा संघ हरला. मैदान रिकामं झाल्यावर ती वर आली, भुवईवर कापूस चिकटवलेला. खाली बसली आणि गाठ सोडू लागली. सुटेना. शेवटी तिने दातांनी सोडवली. मनगटं काळीनिळी पडली होती, एका ठिकाणी कातडं निघालं होतं.

"लागलं का व?" मामाने विचारलं.

"तुले?"

त्याने मनगट चोळलं.  मग म्हणाला, "त्या दिवशी फाऊल होता."

रोशनीने मूठ आवळली आणि सगळा जोर लावून त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मामा पुढे कोलमडला. ती रडत होती आणि तो रिकाम्या हिरड्या दाखवत हसत होता. "कोपर नाई वापरलं," तो मला म्हणाला. "सुधरली पोट्टी."

त्यानंतर दुकानात पुन्हा टीव्ही आला, पिंजरा पुन्हा खणखणू लागला, आणि दवनीवाड्याला शिव्याही पहिल्यासारख्या पडू लागल्या. कोणाचं नाक मात्र मोडलं नाही. रोशनीचा सामना असला की मामा पट्टी खिशात घेऊनच निघे आणि फाटकापाशी मनगटं माझ्यापुढे करी. आणि मग गेल्या उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी, ट्रकची रिंग ठोकता ठोकता तो खाली बसला आणि परत उठला नाही.

रोशनी आली. एकुलती एक, अग्नी तीच देणार होती. अंगणात, त्याच खड्ड्याशेजारी तिरडी बांधायला घेतली. एका म्हाताऱ्याने पाय बांधले, दोरी छातीवरून घेतली, आणि हात बांधायला मनगटं जुळवली, तशी रोशनीने जाऊन म्हाताऱ्याचा हात धरला.

"हात नोका बांधू त्याचे."

"बाई, रीत हाय," म्हातारा म्हणाला.

"त्यानं गंज येळा बांधले. आता मोकळे राहू द्या."

कोणी वाद घातला नाही. तिरडी उचलली, तेव्हा मामाचा उजवा हात बाजूला लोंबला. वाटभर तो हलत होता, आणि शेजारून चालणाऱ्या रोशनीच्या खांद्याला लागत होता. तिने खांदा मागे घेतला नाही.