चालता ट्रॉम्बोन

“बैसू नका, चाला.”

मुलं दारातून आत आली की मास्टर आधी हेच म्हणत. महाराष्ट्रातले पाहुणे त्या ‘बैसू’ला हसत, आम्ही तंजावरकडचे मराठी घरात अजून तसंच बोलतो. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना खुर्ची टोचते. मास्टर कॉफीचा पेला घेऊन मेलकावेरीतल्या माझ्या हॉलमध्ये येरझारा घालत, आणि पियानोवर मी जरा रेंगाळले की खिडकीवर बोटं वाजवत. मला राग यायचा. एक ओळ म्हणून शांतपणे वाजवू द्यायचे नाहीत.

ते मुलांना ट्रॉम्बोन शिकवत, साथीला मी. ट्रॉम्बोनची नळी पुढंमागं सरकवून सूर काढायचा, आणि लहान मुलाचा हात शेवटच्या जागेपर्यंत पोचतच नाही. म्हणून मास्टर क्युबा-ब्राझीलकडच्या नाचाच्या चालींवर स्वतःच छोटे तुकडे रचत, हात जाईल तेवढ्याच सुरांत. त्या चालींत सूर ठोक्यावर बसत नाही, पाऊल पडायच्या जरा आधीच निसटतो. आमची मुलं मांडीवर ताल धरायला बघत, पण दोन्ही हात वाद्यात अडकलेले. मग चालायचं. सहा मुलं नळ्या सरकवत हॉलभर गोल फिरत. त्यात माझा एक दिवा फुटला, नवऱ्याचा चष्मा गेला.

“दिवा मिळतो. ताल मिळत नाही,” मास्टर म्हणाले, आणि चालत राहिले.

त्रिचीला होणाऱ्या ट्रॉम्बोनच्या परीक्षेला बसणारी एकच, साक्कोट्टै गावची नऊ वर्षांची मुलगी. तिथं एका जागी उभं राहून वाजवायचं, आणि ती थांबली की अडखळे. मास्टरांना चैन पडेना. “पाय थांबले तरी पोटात चाल गे,” ते तिला परत परत सांगत.

त्यातच त्यांची छाती दुखू लागली. इस्पितळात झोपवलं तरी चादरीखाली पाय हलतच होते. मला म्हणाले, “परीक्षा होईतो लेकराला काही कळू देऊ नका. गावाला गेलों म्हणा.”

परीक्षेच्या सकाळी, त्रिचीच्या वाटेवर गाडीतच फोन आला. मास्टर गेले. मुलगी शेजारी बसून नळी पुसत होती. मी तमिळमध्ये “सेरि”, म्हणजे बरं, एवढंच म्हणून फोन ठेवला.

परीक्षेच्या खोलीत पियानोवर माझी बोटं माझं ऐकेनात. पहिल्याच ओळीला मी तालाच्या पुढं पळत सुटले. ती मात्र जागची हलली नाही. एकेक सूर तिनं त्याच्या वेळेलाच सोडला आणि मला ओढून आपल्या चालीवर आणलं. मी रडत होते. परीक्षकांकडे माझी पाठ होती हे बरं झालं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मिस, आज तुमी किती पळालात. मीच सांभाळलें तुमाला.”

“हो,” मी म्हटलं.

“मास्टरना फोन लावा. आधी मीच सांगणार,” म्हणत तिनं हात पुढं केला.