जमुनाने परत आणलेला लूप

बोईसरजवळच्या नवापूरच्या जमुना पागधरेला हळू बोलता येत नसे. किनाऱ्यावर उभं राहून होडीतल्या बापाला हाका मारत ती मोठी झाली, आणि लग्नानंतर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसू लागली. दोन्हीकडे हळू आवाजाचा काही उपयोग नव्हता. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं तसा बाजारही फुगला. पंजाबी मिस्त्री, मद्रासी सुतार, बिहारकडचे मजूर, सगळे मासळीला यायचे. त्यांच्यासाठी जमुनाने स्वतःची हिंदी तयार केली होती. "लेव ना भाय, ताजा हाय, कालच्यासारखा नाय है," असं ती ओरडे आणि गिऱ्हाईक हसत हसत पाटीसमोर बसे.

पाचवं मूल झालं तेव्हा ती तिशीला आली होती. बाळंतपण घरीच झालं, पण वार पडेना आणि रक्त फार जाऊ लागलं. सुईण घाबरली. तिने निरोप धाडला आणि बोईसरच्या दवाखान्यातली नवी नर्स बांधकामाच्या ट्रकमध्ये बसून आली. उषा भोइटे तिचं नाव. फलटणकडची मुलगी, अजून लग्न न झालेली, मासळीच्या वासाने कासावीस होणारी. पण त्या दिवशी तिने नाकाला पदर लावला नाही. इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, वार पडेपर्यंत आणि पडल्यावरही जमुनाच्या उशाशी बसून राहिली.

पुढे बाळाची नाळ बघायला ती पुन्हा आली, तेव्हा म्हणाली, "जमुनाबाई, आता मध्ये काही वर्षं जाऊ द्या. अंगात रक्त भरायला हवं." आणि पिशवीतून तिने प्लास्टिकचा एक वळणावळणाचा तुकडा काढला. शेपटीला दोन बारीक दोरे. याला लूप म्हणतात, असं तिने सांगितलं.

जमुनाने तो उलटासुलटा करून पाहिला. "अगं, हा तर गळ हाय! टोक तेवढं नाय."

"या गळाला काही लागत नाही. लागायचं थांबतं," उषा म्हणाली आणि स्वतःच लाजली. जमुना इतकी हसली की बाळ जागं झालं.

सासूला मात्र हसू आलं नाही. धाकलीबाई सुपारी कातरत म्हणाली, "पाचात तीन पोरी. होडी कोण वल्हवील?"

जमुनाचा नवरा हरेश्वर ओट्यावर जाळं सांधत होता. तो दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा माणूस. त्याने मान वर न करता सांगितलं, "आये, होडीत चार माणसांची जागा हाय. पाचवा बसवला तर मासळी कुठं ठेवू?"

तिथेच तो विषय मिटला आणि जमुना लूप बसवून आली.

त्या दिवसांत मुंबईच्या डॉक्टर टिपणीसबाई आठवड्यातून एकदा बोईसरला येत. लूप बसवलेल्या बायकांचं पुढे काय होतं, कोणाला तो मानवतो, कोणाला त्रास देतो, कोणाचा आपोआप पडतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. घरोघर जाऊन विचारायचं काम उषाचं. पण नवापूरच्या बायका घरी सापडायच्या कुठे? एक बाजारात, दुसरी खाडीवर, तिसरी बोंबील वाळत घालायला. सापडलीच एखादी, तर उंबरठ्यातच "बरं हाय" म्हणून मोकळी व्हायची. उषाच्या सगळ्या पानांवर तेवढं एकच उत्तर जमलं होतं. टिपणीसबाई ती पानं चाळत आणि म्हणत, "उषा, अगं, सगळंच बरं कसं असेल?"

पावसाळा सरला आणि एका सकाळी जमुनाचा लूप पडला. ती क्षणभर बघतच राहिली. मग तो धुतला, पानात गुंडाळला, कमरेच्या पिशवीत टाकला आणि नेहमीसारखी पाटी घेऊन बोईसरला निघाली. बाजार आटोपून दवाखान्यात शिरली, तर नेमका टिपणीसबाईंचा दिवस. बाकावर पाचसहा बायका वाट बघत बसलेल्या. तालुक्याहून एक साहेबही आलेले. किती लूप बसले याचा आकडा ते वर कळवत असत.

"उषाबाय!" जमुनाने दारातूनच हाक दिली. "तुजी वस्तू परत आली बघ! माज्याकडं राहायला तयार नाय!" आणि पान उघडून तिने लूप टेबलावर ठेवला.

बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक उठली, मग दुसरी. बघता बघता बाक रिकामा झाला. साहेबांचा चेहरा लाल झाला. बायका जमवायच्या सोडून पांगवता, असं ते उषाला सगळ्यांसमोर बोलले. उषा खाली मान घालून उभी राहिली. हे असं होईल हे जमुनाच्या ध्यानीमनी नव्हतं. जिने आपलं रक्त थांबवलं, तिला आपल्या तोंडामुळे बोलणी खावी लागली, हे बघून ती लूप पुन्हा पानात गुंडाळू लागली.

आतल्या खोलीतून टिपणीसबाई बाहेर आल्या. त्यांनी तो लूप उचलला, उजेडात धरला, आणि जमुनाला बसायला खुर्ची दिली. "कधी पडला? दुखलं का? अंगावरून जास्त जात होतं का?" त्या विचारत राहिल्या, जमुना सांगत राहिली. शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, लूप पडतात हे आम्हाला ठाऊक आहे. पण इथं कोणी सांगतच नाही. मग दिवस राहिले की गावभर होतं, लूप खोटा. तुम्ही आलात ते फार बरं केलंत."

"दुसऱ्यांचेही पडले असतील?" जमुनाने विचारलं. तिचा आवाज पुन्हा चढला होता.

"असतील ना. पण बोलायचं कोणी?"

दुसऱ्या दिवशी जमुना पाटी घेऊन बाजारात गेली नाही. तिने उषाला नवापूरच्या किनाऱ्यावर बोलावलं. तिथे बांबूंना दोऱ्या बांधून बोंबील वाळत घालायचं काम चाललं होतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. वीस-पंचवीस बायका, पुरुष एकही नाही.

जमुनाने उषाच्या हातात दोन बोंबील दिले. "लाव. रिकाम्या हाताच्या माणसाशी इथं कोण बोलत नाय." मग ती दोऱ्यांच्या मधोमध उभी राहिली. "माजा लूप पडला. आणखी कुणाचा पडला? लाजू नका, मीच पयली हाय!"

मग पलीकडून एक बारीक आवाज आला, "माजा पडला. मी दर्यात टाकला."

"माजा पण. मला वाटलं, सरकार भरून मागंल."

हशा झाला. हसता हसता तिसरी बोलली, चौथी बोलली. कोणाला वाटत होतं लूप पोटातून डोक्यात चढतो. एकीला शेजारणीने सांगितलं होतं, अणुवीज केंद्र चालू झालं की त्यातून करंट लागणार. उषाने हातातले बोंबील खाली ठेवून मातीत बोटाने गर्भाशय काढलं, लूप कुठे बसतो ते दाखवलं. दोरा बोटाला लागतो का, हे स्वतः कसं बघायचं, तेही सांगितलं. या वेळी ती लाजली नाही.

शेवटी मथी पुढे आली. हरेश्वरच्या होडीवरच्या म्होरक्याची, तांडेलाची सून. तिला लूप बसवल्यापासून फार रक्त जात होतं. "काढून द्याल?" तिने विचारलं. "का ओरडाल?"

सगळ्या बायका उषाकडे बघू लागल्या. साहेबांचा आकडा आणखी एकाने उतरणार होता.

"ओरडेन कशाला? शरीर तुमचं," उषा म्हणाली. "उद्या या. काढू, आणि रक्त वाढायच्या गोळ्याही घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी मथीबरोबर सातआठ जणी दवाखान्यात गेल्या, खरंच काढतात का ते बघायला. खरंच काढला. मथी हसत बाहेर आली, आणि तिथेच दोघींनी आपल्याला लूप बसवायचा असल्याचं सांगितलं. जो मागितला की काढून मिळतो, त्याची भीती कसली? जमुनानेही दुसरा बसवून घेतला. तो टिकला.

त्यानंतर उषाची पानं भरू लागली. पडला, काढला, दुखतो, बरं हाय, सगळी उत्तरं येऊ लागली. उषा बोंबील लावत लावत विचारी, आणि जमुना गैरहजर बायकांना लांबून हाका मारी. टिपणीसबाईंनी मुंबईच्या एका सभेत हा अभ्यास वाचला, तेव्हा अभ्यासातून मध्येच हरवलेल्या बायका सगळ्या गावांत नवापूरच्या सर्वांत कमी होत्या म्हणे. जमुनाला ते कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आमी हरवू कशाला? आमी तर ओरडतो."

आणि मग एका दुपारी, जमुना कोलंबी निवडायला बसली असताना, धाकलीबाई तिच्या शेजारी येऊन टेकली. तीही कोलंबी सोलू लागली.

"त्या नर्स पोरीला म्हाताऱ्या बायकांचं कायी कळते का?" तिने विचारलं.

"काय झालं, आये?"

धाकलीबाईने इकडेतिकडे पाहिलं. हरेश्वरच्या पाठचं मूल झालं, तेव्हापासून तिचं अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येत होतं. उभं राहिलं की ओढ लागे. तीसेक वर्षं ती हे कोणाला न सांगता, कंबर पदराने आवळून फिरत होती. बायकांची जातच अशी, असं तिला वाटे. जमुनाने हातातली कोलंबी बाजूला ठेवली. त्या घरात तिने जन्मात पहिल्यांदा कुजबुजून विचारलं, "आणि तुमी आज सांगता?"

उषाने धाकलीबाईला पालघरच्या दवाखान्यात नेलं. तिथे तपासून आतून आधाराला रबराची कडी बसवली. कधी बदलायची, कशी स्वच्छ ठेवायची, ते उषाने तिला तीनतीनदा समजावलं. परतताना धाकलीबाई गाडीतून उतरली, चार पावलं चालली, थांबली, पुन्हा चालली.

"कशी हाय, आये?" जमुनाने विचारलं.

"सुनेला गळ, सासूला कडी," धाकलीबाई म्हणाली. "हे सरकार घरात कोणाला सोडत नाय." आणि ती अशी खदखदून हसली, की रस्त्याकडेला सायकल धरून उभा असलेला एक मिस्त्रीही कारण न कळता हसू लागला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बोईसरला पागधऱ्यांच्या दोन पाट्या शेजारी शेजारी होत्या. सासूचा आवाज सुनेहून मोठा निघाला.