नरडाणा–भुसावळ, गच्चीमार्गे

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका निवृत्त न झालेला निवृत्त माणूस साऱ्या खानदेशात सापडणार नाही. भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यातून ते हार-नारळ घेऊन रीतसर बाहेर पडले, जळगावात दुमजली घर बांधलं, खाली थोरला मुलगा आणि वर धाकटा अशी दोघांची सोय लावून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घराचं स्टेशन करून टाकलं. दूधवाला आला की ते "आलास का?" विचारत नसत, "किती लेट?" विचारत. जिन्यात वर जाणारा आणि खाली येणारा समोरासमोर आले तर वरच्याने थांबायचं, कारण चढावरची गाडी एकदा थांबली की पुन्हा हलवणं कठीण, असा त्यांचा नियम होता (तो रेल्वेचा आहे की त्यांचा स्वतःचा, हे मला कधी कळलं नाही). पाहुणे निघाले की ते फाटकात उभे राहत आणि रिक्षाची मागची बाजू वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हलत नसत. आमच्या आईला वाटायचं, व्याही किती मायाळू! माया असेलही, पण शेवटचा डबा डोळ्यांनी पाहिल्याखेरीज गाडी गेली असं मानायचं नाही, ही त्यांची नोकरीतली सवय होती. नियम सांगताना ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. राग आला, आनंद झाला किंवा भूक लागली की नरडाण्याजवळच्या त्यांच्या गावाची अहिराणी बाहेर पडायची. सगळे त्यांना आबा म्हणत.

त्या काळात मी दर पंधरवड्याला एक पत्रक काढत असे. हुंडा, मानपान, पाणीवाटप, शिक्षणाचा बाजार, जे समोर येईल त्यावर. पत्रकं वाचतच वाढलेला मी. पूर्णविराम मला मिळमिळीत वाटायचा, वाक्य संपलं की उद्गारचिन्ह. मुलीच्या भावाने सासरच्यांपुढे वाकायचं नाही, हे मी लग्नाआधीच जाहीर केलं होतं आणि पहिल्या भेटीत आबांच्या पाया न पडता ताठ उभा राहिलो होतो. आबांच्या ते लक्षातच आलं नाही. ते माझ्या मागच्या भिंतीवरचा फ्यूज बघत होते. माझी पत्रकं मात्र ते एकही न चुकता वाचत. "पाव्हणे," एकदा म्हणाले, "मजकूर बरोबर आहे. पण गाडी उभी असताना इतक्या शिट्ट्या कशाला?"

पत्रकं मी दाजींच्या कॉम्प्युटरवर टाईप करायचो. दाजी म्हणजे ताईचे यजमान, आबांचे धाकटे. थोरल्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंचं खाली पुढच्या खोलीत ठिबकच्या नळ्यांचं दुकान, दाजी वरच्या खोलीत त्याच दुकानाचा हिशेब बघायचे. दोघांकडे एकेक कॉम्प्युटर, प्रिंटर मात्र एकच आणि तो खाली. बिल वर तयार व्हायचं, फ्लॉपीत भरायचं आणि दाजींनी जिना उतरायचा. या धावपळीला कंटाळून त्यांनी दोन्ही कॉम्प्युटर तारेने जोडायचं ठरवलं. एका घरातली साधनं दोघांच्या मालकीची! मला तर ती क्रांतीची पायाभरणीच वाटली आणि मी लगेच एक पत्रक लिहिलं. आबा मात्र एकाच गोष्टीवर अडून बसले. नव्या स्लॅबला भोक पाडू देणार नाही! त्यामुळे केबल दुकानाच्या खिडकीतून बाहेर पडून भिंतीने गच्चीवर गेली, तिथल्या जिन्याच्या खोलीत हब नावाच्या लोखंडी डबीत शिरली आणि दुसऱ्या बाजूने दाजींच्या खोलीत उतरली. दहा पायऱ्यांचा जिना वाचवण्यासाठी तारेने अख्ख्या घराला प्रदक्षिणा घातली.

कॉम्प्युटरांना नावं द्यावी लागतात म्हटल्यावर आबांनी ती दिली. वरचं भुसावळ, खालचं नरडाणा. भाऊ चिडले. "मी थोरला, आणि मला नरडाणा? गाडीसुद्धा मिनिटभरच थांबते तिथं!" आबा म्हणाले, "नरडाणा आपलं मूळ शे. मूळ खालेच ऱ्हास." मग त्यांनी फ्लॉपीला कायमची बंदी घातली आणि दोन्ही मजल्यांवर घंटा बसवल्या. फाईल पाठवण्याआधी दाजींनी घंटा द्यायची, खालून भाऊंनी उलट घंटा दिली की लाईन क्लिअर. एका वेळी एकच फाईल! दोन पाठवल्या तर टक्कर होईल, हे त्यांना कोणी कितीही समजावलं तरी पटलं नाही. भाऊ गिऱ्हाइकाशी पाईपच्या भावावरून घासाघीस करताहेत, वरून घंटा वाजतेय, आणि आबा जिन्यातून ओरडताहेत, "लाईन क्लिअर दिनी का?" हे दृश्य बघायला शेजारी येऊन बसायचे.

पौष-माघात सगळं सुरळीत चाललं. चैत्र लागला आणि दुपारी लाईन मरायला लागली. सकाळी दाजींच्या पडद्यावर नरडाणा दिसायचं, जेवणं होईपर्यंत गायब. अंधार पडला की परत हजर. कॉम्प्युटरवाला यायचा तो ऊन उतरल्यावर, जळगावातल्या कुठल्याही शहाण्या माणसासारखा. त्या वेळी सगळं ठणठणीत असायचं. त्याने कार्ड बदललं, सगळं पुसून नव्याने भरलं, "सेटिंग हललं होतं" म्हणाला, चहा प्यायला आणि गेला. दुसऱ्या दुपारी लाईन बंद. आबांनी मात्र पहिल्याच दिवशी निदान केलं होतं. "ऊन! रूळ बी उन्हामा फुगतस, हाई तं साधी तार शे!" कॉम्प्युटरवाल्याने तार फुगत नाही असं सांगून पाहिलं. आबांनी त्याला विचारलं, "तुम्ही वैशाखात लाईनवर चालला आहात का?" तो चाललेला नव्हता. विषय संपला. रुळांत फट ठेवतात तशी केबलला जागोजागी ढील दिली गेली, भिंतीवरच्या भागाला ओलं गोणपाट गुंडाळलं गेलं. पहाटे आणि सूर्यास्ताला आबा हातात टॉर्च घेऊन केबलची गस्त घालू लागले. एका संध्याकाळी जिन्याच्या खोलीतल्या हबला त्यांनी हात लावला आणि चटकन मागे घेतला. डबी तव्यासारखी तापलेली! त्यांनी मला हाक मारून हात लावायला लावला. "आता बोला, पाव्हणे." माझं हुंड्याविरुद्धचं पत्रक दुपारपासून वर अडकून पडलं होतं.

गंमत इथवर होती. पण भाऊंचा धीर सुटत चालला होता. केळीचा हंगाम, रावेरकडून माणसं उन्हातान्हात यायची आणि बिलासाठी ताटकळायची. एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर आबांना सांगितलं, "आबा, गिऱ्हाइकाला मी काय सांगू? लाईन क्लिअर नाही म्हणून? स्टेशन रोडला गाळा बघितलाय. आखाजीपर्यंत हे नीट झालं नाही तर दुकान तिकडे नेतो. मागे दोन खोल्या आहेत, राहायलाही तिकडेच." दोन मजले आबांनी दोन मुलांसाठी बांधले होते. खालचा मजला रिकामा पडला तर ते घर कसलं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. रात्री जेवताना ते एकही नियम बोलले नाहीत. ताई घाबरली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी भर दुपारी आबा डोक्याला ओला रुमाल बांधून, छत्री घेऊन उभे राहिले. "दुपारची गस्त," म्हणाले. दुपारी गच्चीवर जायची तोवर कोणाही पुरुषाची हिंमत झाली नव्हती, कारण चैत्रापासून गच्ची आबांच्या पत्नीच्या, अक्कांच्या ताब्यात होती. ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, करून लुगड्यांवर वाळत घालायचे दिवस. गल्लीतल्या बायकांची आळीपाळीने एकमेकींना मदत आणि पुरुषांना मज्जाव. खाली दाजी आणि भाऊ आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसले, मी आबांच्या मागे. जिन्याच्या खोलीत पाहिलं, हब जागेवर नव्हता! तारा मोकळ्या लोंबत होत्या. आम्ही गच्चीत डोकावलो. एक लांबलचक लुगडं, त्यावर शंभरेक बिबडे, तीन कोपऱ्यांवर दगड आणि चौथ्या कोपऱ्यावर आमचा हब.

"पाय देखा, पाय! बिबडा तुटतीन!" अक्का कडाडल्या.

"हाई आठे कसं?" आबांनी हबकडे छत्री रोखली.

"वजन बरं शे त्याले. दगड तीनच भेटनात. हाई डबडं तठे नुसतं डोया मिचकाडत बशेल व्हतं. मी काय खाई टाकं का? रोज संध्याकायले जागावर लायी देस, तारासकट!"

मी भाषणाला तोंड उघडणारच होतो. आबांनी हात वर करून मला थांबवलं, पुढे झाले आणि हब उचलला. उचलला मात्र, नेमकी त्याच क्षणी वैशाखी वाऱ्याची झुळूक आली, लुगड्याचा कोपरा फडफडला आणि कडेचे बिबडे सरकले. अक्का किंचाळल्या. आबांनी हब माझ्या हातात कोंबला, "लाव!" म्हणाले आणि स्वतः त्या कोपऱ्यावर मांडी घालून बसले. त्या तापल्या गच्चीवर, डोक्यावर छत्री धरून. मी धावत जाऊन तारा खुपसल्या. तापलेली डबी थोडा वेळ रुसून बसली, मग तिचे हिरवे दिवे लागले. खाली घंटा झाली, उलट घंटा आली, आणि गच्चीवरून आबांचा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला, "लाईन क्लिअर!" थोड्याच वेळात प्रिंटर करकरू लागला. बिबडे वाळेपर्यंत आबा उठले नाहीत. भाऊ पाणी घेऊन वर आले तेव्हा हब खोलीत होता आणि अक्का मान खाली घालून बिबडे उलटत होत्या.

"आबा, काय बिघडलं होतं?"

"ऊन," आबा म्हणाले.

"मग आता ऊन नाही?"

"आहे. बंदोबस्त केला."

अक्कांनी एकदा आबांकडे पाहिलं आणि न वाळलेला बिबडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांना तसाच आवडायचा, ओलसर.

त्या आखाजीला भाऊ कुठे गेले नाहीत. गेले ते पुढे काही वर्षांनी, धंदा फळल्यावर, पेढे वाटून. घरात माल मावेना, एवढंच. भांडण असतं तर मी पत्रक काढलं असतं. त्या दिवशी सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा आबा फाटकात उभे होते. टेम्पो वळला, त्याची मागची बाजू दिसेनाशी झाली, तरी ते आत आले नाहीत.

नंतरच्या चैत्रात मी ताईकडे गेलो तर आबा गच्चीवर असल्याचं कळलं. लुगडं पसरलेलं होतं, बिबडे नेहमीपेक्षा कमी होते. तिसऱ्या कोपऱ्यावर हब होता, तारांशिवाय. "त्यासनीच काढी दिना," अक्का म्हणाल्या. चौथ्या कोपऱ्यावर आबा बसले होते, छत्री उघडून.

"आबा, दगड आणून देऊ का एक?"

"नको," ते म्हणाले. "दगडले काय कळस, वारा कथाईन येस ते."

मी शेजारी सावलीला बसलो. खालच्या रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. आबा अर्धवट उठले आणि कठड्यावरून मान लांब करून बघू लागले. "भाऊनी गाडी शे का?"

"बसा," अक्का हळूच म्हणाल्या, "कोपरा उडी जाई."

आबा बसले.