पापडाच्या गच्चीवर उदास गोष्टी

धुळ्यात देवपूरला आमच्या गच्चीवर उन्हाळाभर बायका उडदाचे पापड लाटतात. माझी मनगटं दुखतात, म्हणून मी नुसती गोष्टी वाचून दाखवते. एवढ्यावर किती किस्से साठावेत! कुठला सांगू आणि कुठला ठेवू, असं होतं.

*

एकदा मी विनोदी पुस्तक नेलं. शेजारची शकुंतला हसत सुटली, लाटणं डगमगलं, पापड एका बाजूला जाड झाले. तळले तर कडेला कच्चेच. "हसवायचं नाही हं ताई, पापड बिघडतात," तिने बजावलं. तेव्हापासून आमच्याकडे फक्त उदास कथासंग्रह. पापड काय सुरेख पातळ होतात!

*

मी सारखे तसलेच संग्रह नेते म्हणून वाचनालयातल्या भाऊंना काळजी वाटली. घरी सगळं बरं आहे ना, त्यांनी हळूच विचारलं. मजेत आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून म्हणाले, "मग हे न्या. यात एकही माणूस सुखी नाही."

*

एका गोष्टीत माणूस संध्याकाळभर खिडकीत उभा राहतो, बस्स. असल्या गोष्टीला काय अर्थ, म्हणून शकुंतला वैतागली. दुसऱ्या दिवशी पीठ कुटता कुटता तिनेच विचारलं, "तो खिडकीतला नंतर जेवला असेल का हो ताई?"

माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. खरं सांगते, या गोष्टींचं मला हेच आवडतं.

*

मालतीअक्का आमच्यात सगळ्यात मोठ्या. हिवाळ्यात त्यांचे यजमान गेले. दवाखान्यापासून दहाव्यापर्यंत सगळी धावपळ त्यांची लेक सुनंदाने केली आणि ती जळगावला परत गेली. मग तिचा मला फोन आला. आईसमोर रडक्या गोष्टी वाचू नका, ती खचेल, नाहीतर मी तिला इकडेच घेऊन येते. अक्कांना तर आपलं घर सोडायचं नव्हतं.

शेवटी सुनंदा आलीच, आईची बॅग भरायच्या तयारीने. गच्चीवर येऊन बसली. मी मुकाट्याने सहलीची गोष्ट सुरू केली.

अक्कांनी लाटणं बाजूला ठेवलं. "ते राहू दे. चष्म्याची वाच."

त्या गोष्टीत नवरा गेल्यावरही बाई त्याचा चष्मा रोज पुसून ठेवते. मी सुनंदाची नजर चुकवली आणि वाचली.

गोष्ट संपली तेव्हा अक्का शांत होत्या. हुंदके सुनंदाचे येत होते. अक्कांनी पिठाचे हात पदराला पुसले, तिला जवळ ओढलं आणि घरच्या अहिराणीत म्हणाल्या,

"रडी ले माय, रडी ले. तुले तठे जळगावले कोन वाची दाखाडस?"