सूर्याकडे पाठ करून

दरवर्षी थंडीत आम्ही तिघे मित्र दोन दिवस काढतो आणि कोल्हापुरातून समुद्राकडे निघतो. गाडी माझी. त्यामुळे चालवायची मी आणि चिडायचंही मीच, असं कधीतरी ठरून गेलं आहे. दुसरा मित्र म्हशीवाला. त्याचा गोठा शहराला लागूनच आहे आणि समुद्रात गुडघाभर उभा राहूनही तो फोनवर कुठल्या म्हशीनं किती दूध दिलं ते विचारत असतो. तिसरा हुपरीचा. घरातच चांदीचे पैंजण घडवायचं काम, घराणं जैन, बोलणं मोजकं. आम्ही त्याला हुपरीकर म्हणतो. कॉलेजातली मैत्री आहे, आणि आता तिघांचीही साठी जवळ आली आहे.

हुपरीकर दिवस मावळला की काही खात नाही, पाणीसुद्धा पीत नाही. म्हणून वहिनींनी बांधून दिलेला चार कप्प्यांचा स्टीलचा डबा त्याच्या मांडीवर असतो. आमच्या प्रत्येक सहलीची संध्याकाळ एकाच साच्यातली. वाटेत आम्ही कुठेतरी रेंगाळलेलो असतो, किनाऱ्यावर पोचायला सहा वाजून गेलेले असतात. मी आणि म्हशीवाला चपला हातात घेऊन पाण्याकडे पळतो. हुपरीकर मागच्या सीटवर डबा उघडून, घड्याळावर नजर ठेवून भराभरा जेवतो. आम्ही परत येतो तेव्हा तो बाटलीतल्या पाण्यानं डबा विसळत असतो. एवढं असून कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की समुद्रात बुडणारा सूर्य आम्ही तिघांनी मिळून दहा-बारा वेळा तरी बघितला आहे.

या जानेवारीत मलकापूरला चहाला थांबलो. ऊन नुकतं अंगावर येऊ लागलं होतं. बशीत चहा ओतता ओतता हुपरीकर म्हणाला, "ह्या खेपेला मला सूर्य बुडताना बघायचाय."

"दरसाल बघतोसच की," मी म्हणालो.

"कवा बघितला? मी डब्यात तोंड घालून बसल्याला आसतोय."

म्हशीवाला हसायला लागला आणि मध्येच थांबला. मग हुपरीकरानं सगळं सांगितलं. चार दिवसांपूर्वी तो कामाला बसला होता आणि वहिनी शेजारी बसून पैंजणांना घुंगरं लावत होत्या. त्यानं तापलेला चांदीचा तुकडा पाण्यात टाकला, चर्र झालं. तेव्हा वहिनींनी विचारलं, सूर्य समुद्रात बुडताना असाच आवाज येतो काय ओ?

"मी म्हटलं, म्हाईत न्हाय. तर म्हणती, इतक्यांदा जाताय ते बघाय काय जाताय मग?" असं म्हणून त्यानं चहा संपवला.

वहिनींनी समुद्र बघितलेला नाही. सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून आहेत आणि त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातचं चालत नाही. आम्ही इतक्या वेळा गेलो, पण त्या काय करतात, त्यांना कधी यावंसं वाटतं का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. बाकी कशाचं सोडा, डबा बांधून देतात त्याबद्दल दोन चांगले शब्दही कधी बोललो नव्हतो. मला लाज वाटली. पण माझ्या स्वभावात लाज फार वेळ लाज म्हणून टिकत नाही, तिचा लगेच राग होतो. मी दोघांवर खेकसलो, "आज साडेपाचच्या आत किनाऱ्यावर, तितं आधी ह्याचं जेवण, मग सूर्य. मधी कोण थांब म्हणालं तर तितंच सोडून जाईन."

दिवसभर सगळे शहाण्यासारखे वागले. आंबा घाट उतरलो, रत्नागिरीला म्हशीवाल्याला माशांसाठी अर्धा तास दिला आणि तो खरंच अर्ध्या तासात काटे बाजूला सारून उठला. पुढे सागरी रस्ता लागला. एका बाजूला काजूची झाडं, दुसऱ्या बाजूला अधूनमधून दिसणारं पाणी, काचेतून येणारं थंडीतलं मऊ ऊन. हवा अशी की गाडीतला पंखासुद्धा नको वाटावा. हुपरीकर दर थोड्या वेळानं घड्याळ बघायचा आणि गालात हसायचा. त्याला इतकं खुशीत मी त्याच्या मुलीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. मलाही फार बरं वाटत होतं.

देवगड मागे पडलं आणि मी माती खाल्ली. मोबाइलमधली बाई डावीकडे वळा म्हणत होती. मला उजवीकडचा रस्ता जवळचा वाटला. समुद्र उजवीकडे असताना ही बाई डावीकडे कशाला पाठवते, असं म्हणून मी उजवीकडे घातली. रस्ता छान होता. वळत वळत खाली गेला आणि एका खाडीच्या काठावर संपला. पुढे पाणी, पलीकडे माड, आणि त्या माडांच्या मागे कुठेतरी आमचा समुद्र.

काठावर एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. म्हशीवाल्यानं काच खाली करून, गोठ्यात असल्यासारखी हाक दिली, "ओ पावणं, समुद्र कुठं आला?"

म्हाताऱ्यानं सावकाश वर बघितलं. "पावणे तुमी," ते म्हणाले. "समुद्र खंय येत-जात नाय. तो आसा थंयच आसा. वाट तुमची चुकली."

म्हशीवाल्यानं आवाज खाली आणून वाट विचारली. आल्या वाटेनं परत जायचं, मग डावीकडून पुलावर, तासाभराचा रस्ता, असं त्यांनी सांगितलं. पाच वाजायला आले होते. सूर्य सव्वासहाच्या सुमाराला बुडणार. थांबून जेवायचं म्हटलं तर सूर्य गेला, आणि पोचून जेवायचं म्हटलं तर पुन्हा मागची सीट आणि घड्याळ. चूक माझी एकट्याची होती आणि ते मला कुणी बोलूनही दाखवत नव्हतं.

"जेवान ऱ्हाऊ दे आज," हुपरीकर म्हणाला. "एक रात उपाशी ऱ्हायलो म्हणून काय हुतंय?"

"ऱ्हाऊ दे म्हणं," म्हशीवाला पुढच्या सीटवरून उतरला आणि मागे जाऊन बसला. "डबा तसाच परत गेला तर वहिनी आमाला दारात उभं करणार न्हाईत. सोड डबा. आन तू फुडं बघून गाडी मार."

मग धारेच्या बादलीसारखा डबा दोन गुडघ्यांत धरून म्हशीवाला बसला आणि हुपरीकर जेवू लागला. मेथीची धपाटी, मटकीची उसळ, लसूण नसलेली शेंगदाण्याची चटणी. प्रत्येक वळणाला मी "धरा" म्हणून ओरडायचो. एकदा उसळ सीटवर सांडली. एरवी माझ्या गाडीत कुणी शेंगाचं टरफल टाकलं तरी मी दिवसभर बोलून दाखवतो. त्या दिवशी आरशात बघितलं आणि पुढचं वळण जरा हळू घेतलं. थोड्या वेळानं म्हशीवालाही खाऊ लागला.

"इतका ग्वाड डबा आसतोय व्हय?" तोंडात घास असतानाच तो म्हणाला. "आन इतकी वर्सं एकट्यानंच हाणलास?"

"तुमी पळत हुताय की पान्याकडं," हुपरीकर म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं.

सहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो. सूर्य अजून पाण्याच्या बोटभर वर होता. हुपरीकरानं चूळ भरली, पोटभर पाणी प्याला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चक्क पळत सुटला. आम्ही त्याच्या मागे. पाण्याजवळ जाऊन त्यानं खिशातून फोन काढला आणि वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. वहिनी पडद्यावर दिसू लागल्या तसा हा वळला, समुद्राकडे पाठ केली, फोन समोर धरला आणि म्हणाला, "दिसतोय काय?"

फोन त्याला तेवढ्याच एका पद्धतीनं वापरता येतो. त्यात आपलं तोंड दिसणार आणि आपल्या मागे जे असेल ते दिसणार. माझं डोकं फिरलं. दिवसभर जिवाचा आटापिटा कशासाठी केला होता? मी जवळ जाऊन हात पुढे केला. "आरं कॅमेरा उलटा कर की. दे हिकडं. तू सूर्याकडं बघ."

फोनमधून वहिनी म्हणाल्या, "नको भावजी, ऱ्हाऊ द्या. निस्ता सूर्य टीव्हीत बी दिसतोय. ह्ये बी दिसाय पायजेत की."

मी हात मागे घेतला.

"आवो, जरा खाली बसा. डोस्कं आडवं येतंय तुमचं." हुपरीकर ओल्या वाळूत उकिडवा बसला. एक लाट आली आणि त्याला कमरेपर्यंत भिजवून गेली. तो हलला नाही. त्याला फक्त वहिनींचं तोंड दिसत होतं आणि वहिनी त्याला सांगत होत्या, "तांबडा झाला बघा. आता खालनं चपटा झाला. मुशीत वितळल्याल्या चांदीवानी थरथरतोय ओ. आर्धा गेला."

"आवाज?" यानं विचारलं.

"गप बसा, ऐकू द्या."

दोघं गप्प झाली. आम्हीही श्वास धरून उभे होतो. माझं सूर्याकडे लक्षच नव्हतं, मी त्या दोघांकडे बघत होतो.

"गेला," वहिनी म्हणाल्या.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा घाबरा आवाज आला, "कोन गेलं गं?"

"सूर्य गेला, आत्ती," वहिनींनी सांगितलं आणि त्यांना हसू आवरेना. हुपरीकरही हसायला लागला, वाळूत बसल्या बसल्या.

फोन बंद करून तो उठला आणि त्यानं वळून बघितलं. आकाशात नुसता तांबूसपणा उरला होता.

"चुकवलास की लेका," मी म्हणालो. "परत पाठच केलास."

"तिनं बघितला न्हवं?" तो वाळू झटकत म्हणाला.

मुक्काम जवळच होता. गाडीत बसल्यावर ओल्या पँटीनं त्यानं माझी सीट भिजवली आणि एरवी चार शब्दांवर न जाणारा माणूस आम्हाला सूर्यास्त सांगू लागला. "आधी तांबडा हुतोय. मग खालनं चपटा. मग मुशीतल्या चांदीवानी थरथरतोय, आन मग बघता बघता न्हाय." आम्हा दोघांना तो नवीन असल्यासारखं आम्ही ऐकत राहिलो. मला तर तो बराचसा नवीनच होता.

"आन आवाज?" म्हशीवाल्यानं विचारलं.

"न्हाय येत," हुपरीकर म्हणाला. "आमी दोघांनी नीट ऐकलं."