बंदराच्या चित्रावरचं कुंकू

मंडळी, चहा गार झाला तरी चालेल, आधी हे वाचा!

जुन्या सामानाच्या धंद्यात माझे केस पिकले, पण आजच्यासारखी छाती कधी धडधडली नव्हती. पिंपळगाव बसवंतला एका द्राक्ष व्यापाऱ्याकडे कपाट बघायला गेलो होतो. भिंतीवर बंदराचं मोठं चित्र होतं, त्यात गलबतं, हमाल, धुरकट पाणी.

"प्रिंट आहे, कपाटासोबत फुकटच घेऊन जा," व्यापारी म्हणाला.

मी कडेला हलकीच टिचकी मारली. कागद असा वाजत नाही. ताणलेला कॅनव्हास, खरं तैलचित्र! पण सही दिसेना. खालच्या कोपऱ्यात, जिथे सही असते, तिथे एक छोटी होडी आणि तिच्यावर कुंकवाचा जाड थर.

व्यापाऱ्याच्या आई, घरातल्या आजी, म्हणाल्या, "दर दसऱ्याला ट्रॅक्टरला लावते, मंग होडीला नको? माझा हात तेवढाच पुरतो."

मोबाईलचा उजेड तिरपा धरला, तर थराखाली अक्षरांचे उंचवटे! व्यापारी ओलं फडकं घेऊन धावला. मी त्याचा हातच धरला.

"अहो, कुंकवासोबत सहीही जाईल! जाणकाराकडून साफ करून घ्या. तोवर कुणाला विकू नका, मलासुद्धा नाही."

आजी आत जाता जाता पुटपुटल्या, ते माझ्या कानांनी टिपलं. "चित्र काढणाऱ्याचं नाव निघंल, पण दसऱ्याला मी कुंकू कुठं लावू?"

"आजी, वर काच बसवू, काचेवर लावा!"

"मेल्या, हे माझं लगीन झालं तव्हाच सांगायचं ना!"

तुमच्या घरी कुंकवाखाली काय दडलंय? बघून सांगा बरं!