डाव अर्धवट सोडणाऱ्याची बाजू

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये होते, तेव्हा प्रफुल्लच्या आईचा फोन आला. त्या मला कधी फोन करत नसत. काही हवं असलं तर प्रफुल्लकरवी सांगायच्या. "जोशीबाई, प्रफुल उठून नाही राह्यला जी," त्या म्हणाल्या. "मी केव्हाची हाका मारून राह्यली. तुमी येता का?" आवाज अगदी शांत होता. मी हडपसरच्या अलीकडेच उतरले, रिक्षा केली आणि त्यांच्या घरी पोचले, तेव्हा खालच्या मजल्यावरचे डॉक्टर जिना उतरत होते. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. डायलिसिसवरच्या माणसाला शनिवार ते मंगळवार हे अंतर सगळ्यात धोक्याचं असतं, हे प्रफुल्लनंच मला कधीतरी समजावून सांगितलं होतं, एखादी तांत्रिक माहिती सांगावी तसं. त्याच अंतरात तो गेला. झोपेत, कुणाला न सांगता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. लिहायला बसते आणि रागच येतो... कुणावर, ते नीट सांगता येत नाही.

प्रफुल्ल वानखडे आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो. हडपसरच्या शेतांमध्ये काचेच्या इमारती उठत होत्या ते दिवस. मी नारायण पेठेतली, घर सोडून कुठे न राहिलेली. तो यवतमाळकडचा, एक पत्र्याची ट्रंक आणि आईनं दिलेलं तिखट घेऊन आलेला. आम्ही दोघंही टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून त्यांना कळवणारे. हे काम करणाऱ्यावर कुणी खूश नसतं. माझ्यावर तर नव्हतंच, कारण मी पुणेरी पद्धतीनं एका ओळीत निकाल लावायची. प्रफुल्ल मात्र चार ओळी लिहायचा. मी काय केलं, काय झालं, काय होईल असं मला वाटलं होतं, आणि तुमच्या कामातलं काय मला आवडलं. आमचा एक वरिष्ठ म्हणायचा, "हा चूक दाखवतोय की चहाला बोलावतोय, तेच कळत नाही." पण प्रोग्रामर मंडळी आपलं काम तपासायला त्यालाच मागून घ्यायची. मला तो 'जोशीबाई' म्हणायचा, आणि त्याचं ऐकून त्याची आईही.

पाय सुजायला लागले तेव्हा त्याला वाटलं, बूट घट्ट आहेत. डोकं दुखायचं ते स्क्रीनमुळे असेल. तपासण्या झाल्या तोवर दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. वय पस्तिशीच्या आतलं. आईनं लगेच "माह्यी किडनी काढा" म्हटलं, पण त्यांना मधुमेह, डॉक्टरांनी नकार दिला. वडील कधीच गेलेले. सरकारी प्रतीक्षायादीत नाव लागलं आणि आठवड्यातल्या तीन दुपारी डायलिसिस सुरू झालं. त्यातच मंदी आली आणि कंपनीनं माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. त्यानं टेबल आवरलं, माझ्याकडे एक रोपटं दिलं आणि म्हणाला, "चला, दुपारच्या सुट्टीचा अर्ज करायचा त्रास वाचला."

डाव्या हातात दोन सुया, समोर यंत्र आणि मोकळा फक्त उजवा हात, अशा त्या लांबलचक दुपारी घालवायला त्यानं फोनवर एक खेळ धरला. पुण्यातल्याच एका छोट्या चमूनं केलेला, मराठीतला, 'पाणलोट' नावाचा. गावावर पूर येतोय आणि चार अनोळखी खेळाडूंनी मिळून धरण सांभाळायचं, एकानं दरवाजा, एकानं बांध, असं काहीतरी. मला खेळांत रस नाही, पण तो एवढ्या तपशिलानं सांगायचा की मी ऐकत बसायची. अडचण एकच होती. चौघांतला एक जण मध्येच उठला की धरण फुटायचं, चौघंही हरायचे, आणि उठणाऱ्याला आठवडाभर बंदी. शिवाय त्याच्या नावापुढे लाल अक्षरांत शिक्का बसायचा: पळपुटा.

डायलिसिस चालू असताना प्रफुल्लचं ब्लडप्रेशर अचानक खाली यायचं. डोळ्यांपुढे अंधारी, घाम, हातातून फोन निसटलेला. सिस्टर धावत यायच्या, पलंगाचं डोकं खाली करायच्या, पाय वर. तो शुद्धीवर येईपर्यंत कुठल्याशा तीन माणसांचं गाव वाहून गेलेलं असायचं आणि खेळाडूंच्या फोरमवर त्याच्या नावानं शिव्या पडलेल्या असायच्या.

त्यानं फोरमवर लिहायला सुरुवात केली. तिथे त्या काळात काय चाललं होतं ते मी स्वतः वाचलंय. खेळ बनवणाऱ्यांच्या आयाबहिणींचा उद्धार, 'तुमची लायकी नाही', 'दुकान बंद करा'. त्या सगळ्यात प्रफुल्लचं शांत मराठी. डाव सोडणाऱ्याला शिक्षा हवी हे मला मान्य आहे, कारण मागे राहिलेल्या तिघांची मेहनत वाया जाते. पण ज्याला उठावंच लागतं आणि जो मुद्दाम उठतो, या दोघांत हा नियम फरक करत नाही. असं काहीतरी तो लिहायचा. इतर खेळाडूंनाही सांगायचा, "बनवणाऱ्याला उपाय सांगायची घाई करू नका, आपल्याला कुठे दुखतं ते सांगा. डॉक्टरकडे गेल्यावर आपण गोळीचं नाव सांगत नाही." खाली उत्तरं यायची, 'भाषण बंद कर, पळपुट्या.' आणि बनवणाऱ्यांकडून एकच ओळ, 'नोंद घेतली आहे.'

मी एकदा त्याच्या पलंगाशी बसले होते. "अरे, सरळ सांग ना त्यांना," मी म्हटलं. "फोटो टाक या यंत्राचा. उद्या नियम बदलतील."

"बदलतील," तो म्हणाला. "माझ्यासाठी बदलतील. मग कुणाचं बाळ रडतं म्हणून तो उठतो, कुणाचा मालक हाक मारतो, त्यांनी कशाचा फोटो टाकायचा?"

"तुला काय करायचंय त्यांचं?"

"जोशीबाई, नियम चुकलाय म्हणून बदलायला हवा. माझी दया येऊन बदलला तर तो चुकलेलाच राहतो."

मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की माणसाकडे एवढं थोडं शिल्लक असताना त्यानं ते असं खर्चू नये. पण त्याला दुसरं काही सुधारता येण्यासारखं उरलंच नव्हतं. मूत्रपिंड सुधारणार नव्हतं, यादी पुढे सरकत नव्हती. हा एक नियम होता, जो नीट शब्दांत मांडला तर कुणीतरी बदलू शकलं असतं. तो त्या नियमाला धरून लोंबकळत होता.

खेळताना चौघं एकमेकांशी बोलू शकत. यंत्राचा इशारा वाजला की पलीकडचे विचारायचे, काय आवाज आहे रे? हा सांगायचा, "मायक्रोवेव्ह." एकदा सांगलीची सायली नावाची कॉलेजातली मुलगी बाकीचे दोघं गेल्यावर थांबली आणि म्हणाली, "दादा, तो मायक्रोवेव्ह नाहीये. माझ्या पप्पांचं मशीन असंच वाजायचं." वाजायचं, म्हणाली ती. प्रफुल्लनं त्यावर काही विचारलं नाही. तिनंही कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर त्याचा फोन निसटला की ती एकटी दोघांचं काम ओढायचा प्रयत्न करायची. धरण फुटायचंच.

मग एक दिवस खेळ बनवणाऱ्या मुग्धानं त्याला भेटायला बोलावलं; सोबत मीही गेले. नारायण पेठेत एका दुकानावरच्या दोन खोल्या, तीन माणसं, एवढीच ती कंपनी. प्रफुल्लनं उकाड्यातही पूर्ण बाहीचा शर्ट घातला होता, हातावरची सुयांची गाठ दिसू नये म्हणून. जिना चढताना तो मध्ये थांबला आणि मला म्हणाला, "तू पुढं हो, मी फोन बघतो जरा." मुग्धा तिशीची असेल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. चहा आला तसं ती म्हणाली, "आधी शिक्षा नव्हती. टवाळ मुलं शेवटच्या क्षणी मुद्दाम उठायची. बाकीचे रडकुंडीला यायचे. मी त्या तिघांसाठी नियम केला."

"मीपण त्या तिघांच्याच बाजूचा आहे," प्रफुल्ल म्हणाला. "पण उठणाऱ्याला 'उठतोय' एवढं सांगायची सोय द्या. एक बटण. मग उरलेल्यांना काम वाटून घेता यावं. जड जाईल त्यांना, पण गाव वाचायची शक्यता राहील."

ती बराच वेळ कागदावर रेघोट्या मारत होती. मग म्हणाली, "होईल हे. करते मी." आम्ही निघताना तिनं आपला फोन पुढे केला. त्यात तिच्या नावानं आलेले संदेश होते, इथे लिहिता येणार नाहीत असे. "आई विचारते, कशाला वाचतेस. तुम्ही काही लिहिलं असेल म्हणून फोरम उघडते." प्रफुल्ल "बरं," एवढंच म्हणाला. खाली आल्यावर मात्र पायरीवर बसला आणि कितीतरी वेळ हसत होता. आजारी पडल्यापासून मी त्याला तसं हसताना तेव्हाच पाहिलं.

नंतरचं सगळं घसरतच गेलं. पावसाळा संपता संपता रुग्णालयातून बोलावणं आलं, एक मूत्रपिंड मिळण्याची शक्यता आहे, ताबडतोब या. असं दोन रुग्णांना बोलावतात आणि ज्याचं रक्त जास्त जुळतं त्याला देतात. आम्ही सकाळपासून बाकावर बसलो होतो. शेजारी दुसरा रुग्ण, एक मध्यमवयीन बाई, आणि त्यांचे यजमान. आई त्या बाईंशी गावाकडच्या गप्पा मारत होत्या. दुपारी त्या बाईंना आत नेलं. डॉक्टर येऊन म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." परतताना रिक्षात आई बाहेर बघत म्हणाल्या, "त्या बाईले लागू पडो जी." आणि मग पदर तोंडावर घेतला.

त्याच आठवड्यात 'पाणलोट' बंद होत असल्याची सूचना आली. ज्यांनी पैसा लावला होता त्यांना खेळ चालेलसं वाटेना. बटण अर्धं तयार होतं, मुग्धानं फोनवर सांगितलं, आणि ती रडायला लागली. फोरमवर आग लागली. प्रफुल्लनं एका हातानं, चुका दुरुस्त करत, एक लांब मजकूर लिहिला. मला वाटलं बंद करू नका म्हणून विनवणी असेल. तशी नव्हती. त्यानं लिहिलं होतं: बंद करताय ते समजलं. अचानक करू नका. दिवस आणि वेळ आधी सांगा. इथे ओळख झालेल्यांना एकमेकांचे नंबर घेऊ द्या. शेवटच्या दिवशी पाणी चढवू नका, लोकांना नुसतं बसू द्या. आणि शक्य असेल तर नावांपुढचे शिक्के काढून टाका. शेवटी, केलंत त्याबद्दल आभार.

मी ते वाचून त्याच्यावर चिडले. "भांड ना रे जरा," मी म्हटलं. "कधीतरी भांड."

"कुणाशी?" त्यानं विचारलं. खरंच विचारत होता तो.

मुग्धानं सगळं त्याच्या म्हणण्याप्रमाणे केलं. शेवटचा दिवस गुरुवार होता, म्हणजे डायलिसिसचा. मी रजा काढून गेले. धरणाच्या भिंतीवर शेकडो खेळाडू येऊन बसले होते, नदी संथ, लोक निरोप घेत होते. सायली त्याच्या शेजारी होती. बंद व्हायला थोडा अवकाश असताना प्रफुल्लचा चेहरा पांढरा पडला. सिस्टर आल्या, पाय वर केले, सलाईन जोरात सोडलं. फोन माझ्या हातात आला. तेवढ्यात सगळ्यांच्या नावांपुढची लाल अक्षरं गेली. मी त्याला हाका मारत होते, डोळे उघड म्हणत होते. त्यानं डोळे उघडले, तेव्हा पडदा काळा झाला होता.

"माझं नाव दिसत होतं?"

"दिसत होतं. शिक्का नव्हता."

"चला," तो म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानापर्यंत आलं, ते मी पुसलं.

सूचना देऊन काही सुधारतं यावर माझा विश्वास नव्हता, आताही बसलेला नाही. प्रफुल्ल गेल्यावर मुग्धा भेटायला आली. यवतमाळला परत जायची तयारी करत असलेल्या त्याच्या आईला तिनं तो कसा लिहायचा ते सांगितलं. आई म्हणाल्या, "मले समजत नाही बाई त्यातलं. पण तो कोनाले लागेल असं बोलत नव्हता." प्रफुल्लच्या फोनवर सायलीचाही फोन येऊन गेला.

गेल्या शनिवारी मी डायलिसिस केंद्रात गेले. त्याची शाल तिथे राहिली होती. खिडकीजवळच्या त्याच्या पलंगावर एक साठीच्या बाई होत्या. शाल देताना सिस्टर म्हणाल्या, "हा प्लग बघितलात? आधी डाव्या बाजूला होता. सुयांच्या हातावरून वायर यायची, सगळ्यांचीच. त्यांनी लिहून दिलं, पाठपुरावा केला, तेव्हा इकडे उजवीकडे आला. ते गेल्यानंतर बसवला पण." नवा पांढरा प्लग होता, भोवतीचं प्लास्टर अजून ओलसर.

मी बघतच राहिले. पलंगावरच्या बाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही लाईटवाल्या का? हा जरा सैल आहे. फोन लावला की पडतो."

मी नाही म्हटलं. मग वाकून त्यांचा चार्जर आत दाबला. हात काढला की तो निघत होता. म्हणून दाबून धरला आणि उभी राहिले. बाई फोनवर नातवाशी बोलायला लागल्या.